ज्याचं त्याचं कार्ड

बाईंनी कधी एकही कार्ड विकलं नाही, आणि एकदा केलेलं कार्ड पुन्हा केलं नाही. सोलापूरच्या आमच्या मुलींच्या शाळेत त्या हस्तकला शिकवायच्या. मी तिथं मराठी शिकवायला लागले तेव्हा त्यांनी पन्नाशी गाठली असावी. उंच बांधा, कपाळावर विभूतीची बारीक रेघ, अंगावर बहुधा इरकल साडी, आणि कमरेला खोचलेल्या रुमालात गुंडाळलेली कात्री. ती कात्री त्या कुणाच्या हातात देत नसत. फळ्यावर लावायचा कागद कापायला म्हणून मी एकदा मागितली, तर त्यांनी स्वतः वर्गात येऊन कागद कापून दिला आणि कात्री पुन्हा रुमालात गुंडाळून गेल्या.

शाळेतल्या माझ्या पहिल्याच दिवशी मी शिक्षिकांच्या खोलीत अंग चोरून बसले होते. बाई समोर येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "दार कुठल्या हातानं उघडतीस?"

मला वाटलं, दाराच्या कडीबद्दल काही सूचना असेल. मी म्हटलं, "उजव्या."

"बघू. उघड."

मी उठून भिंतीतल्या कपाटाचं दार उघडून दाखवलं. त्यांनी मान हलवली आणि त्या निघून गेल्या. शेजारच्या गणिताच्या बाईंनी मला हळूच सांगितलं, "तुला कार्ड मिळणार. डावखुरी असतीस तर ते उलट्या बाजूनं उघडणारं केलं असतं त्यांनी."

कार्ड मिळालं ते चार महिन्यांनी, संक्रांतीला. मधल्या काळात त्या माझ्याशी फारसं बोलल्याही नव्हत्या. कार्ड उघडलं तर आत कागदाची एक लाल एस्टी होती. फटीत बसवलेली, बोटानं सरकवली की मोहोळपर्यंत जायची आणि परत सोलापूरला यायची. मोहोळला माझी आई होती. दर शनिवारी शाळा सुटायच्या आधी मी खिडकीशी जाऊन घड्याळ बघायची. ते बाईंनी कधी बघितलं, मला कळलं नाही. आत एक अक्षरही लिहिलेलं नव्हतं. बाई कार्डात अक्षर घालतच नसत. "लिहायचं असेल ते ज्यानं त्यानं लिहावं," म्हणायच्या. "मी भेटायला जायची सोय करून देते."

त्यांचं सामान म्हणजे सगळ्या गावाची रद्दी. नवी पेठेतल्या दुकानांतून साड्यांची रिकामी खोकी, लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठी, चहाच्या पुड्यांतली चांदी, पतंगाचा कागद, घोटीव कागदाच्या कातरणी. मैद्याची खळ शिजवताना त्यात चिमटीभर मोरचूद टाकायच्या, म्हणजे कार्डाला किडा लागत नाही. बहात्तरचा दुष्काळ ओसरला होता, पण कागदाची टंचाई संपली नव्हती. मुलींना वह्या मोजून मिळायच्या. बाईंच्या तासाला मुलींनी कागद वाया घालवला तर त्या ओरडत नसत. तो तुकडा उचलून, त्याची घडी घालून, त्याचं काहीतरी करून त्याच मुलीच्या हातात ठेवायच्या. मुली त्याला जास्त घाबरायच्या.

शिकवताना एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत. "कात्री हलवायची नाही. कात्री एका जागी धरायची आणि कागद फिरवायचा." चाळीस मुली चाळीस कागद फिरवत बसायच्या आणि बाई मधून चालायच्या, हात मागं बांधून.

बाळीवेशीजवळच्या एका बोळात त्यांच्या दोन खोल्या होत्या. घरात त्या आणि त्यांची आई. पंधराव्या वर्षी लग्न झालं होतं, सोळाव्या वर्षी त्या परत आल्या होत्या. यापलीकडं शाळेत कुणाला काही माहिती नव्हती आणि त्यांनी कधी सांगितलं नाही. आई ऐंशीच्या पुढची, अक्कलकोटच्या बाजूची, फक्त कानडी बोलणारी. दोन्ही डोळे गेले होते. दर पाडव्याला बाई आईसाठी कार्ड करत. सुईनं टोचून टोचून उठवलेलं, नुसतं बोटांनी बघायचं. आई कार्ड मांडीवर घेऊन बराच वेळ बोटं फिरवायची. एकदा मी तिथं होते.

"हिंदिन बागिल," आई म्हणाली.

"मागचं दार," बाईंनी मला सांगितलं. "गावाकडच्या घराचं."

मग आईनं पुन्हा बोट फिरवलं आणि काहीतरी तक्रारीच्या सुरात बोलली. दोघींची चांगलीच जुंपली. मी घाबरून विचारलं, काय झालं? बाई म्हणाल्या, "ती म्हणतीय, दाराला पाच फळ्या होत्या, मी चार केल्यात. चारच होत्या की! पाचवी नंतर लावली."

माझी भाड्याची खोली त्याच बोळात, चार घरं सोडून होती. शाळा सकाळची. साडेबाराला सुटली की आम्ही दोघी बरोबर चालत यायचो. वाटेत पोस्ट लागायचं, आणि पोस्टात बाईंचं नेहमी काहीतरी काम असायचं.

संक्रांतीच्या कार्डात हलव्याचे सात दाणे घालायची त्यांची पद्धत होती. पहिल्या वर्षी दाण्यांचा पार भुगा झाला, असं त्यांना कुणीतरी कळवलं. बाई पोस्टात गेल्या आणि शिक्का मारणाऱ्या माणसाला म्हणाल्या, "शिक्का किती जोरात मारता?"

"मारतो तसा मारतो की बाई. शिक्का तो शिक्का."

"मारून दाखवा."

त्यांनी तीन पाकिटं बरोबर नेली होती, प्रत्येकात हलवा वेगळ्या कोपऱ्यात. त्या माणसानं तिन्हींवर शिक्के मारले. बाईंनी तिथंच पाकिटं फोडली आणि दाणे मोजले. मागं रांग थांबली होती. शेवटी त्या माणसालाच चेव आला. "ओ बाई, खाली डावीकडं ठेवा. तिकीट वर उजवीकडं असतंय, तिथंच हात पडतो आमचा." तेव्हापासून बाईंची कार्डं खाली डावीकडं जाड असत, आणि तो माणूस बाईंची पाकिटं वेगळी काढून ठेवायचा.

दिवाळीच्या आधी नवी पेठेत दुकानांपुढं दोऱ्या बांधून छापील ग्रीटिंग कार्डं टांगलेली असायची. गुलाबाची फुलं, समई, हातात पणती धरलेली बाई. आमच्या बाई एकेका दुकानापुढं थांबून ती सगळी वाचायच्या. एका दुकानदारानं विचारलं, "घ्यायचं का बाई, ते पणतीचं?"

"नाही. हिला कुणाची आठवण आलीय ते बघत होते."

दुकानदार माझ्याकडं बघायला लागला. मी दुसरीकडं बघितलं. बाईंबरोबर फिरताना असं दुसरीकडं बघायची मला सवय झाली होती.

आता जे सांगायचं आहे ते पुढच्या दिवाळीचं.

शाळेचे निम्मे वर्ग पत्र्याखाली होते. उन्हाळ्यात मुली भाजून निघायच्या. संस्थेच्या अध्यक्षांना कल्पना सुचली की गावातल्या चाळीस प्रतिष्ठित मंडळींना शाळेतर्फे हातानं केलेली दिवाळीची कार्डं पाठवावीत, म्हणजे मंडळी खूश होतील आणि इमारतीला हातभार लावतील. मुख्याध्यापिकांना आम्ही मोठ्या बाई म्हणायचो. त्यांनी बाईंना बोलावून सांगितलं, "एक नमुना ठरवा आणि मुलींकडून चाळीस करून घ्या."

बाई म्हणाल्या, "नमुना कशाचा? माणसं चाळीस आहेत ना?"

मोठ्या बाईंना वाटलं, ही नेहमीची गंमत. त्यांनी यादी हातात दिली.

मग पंधरा दिवस रोज दुपारी आम्ही गाव हिंडलो. माझं अक्षर चांगलं म्हणून पाकिटांवरची नावं मी घालायची, असं ठरलं होतं. तेवढ्यासाठी मला हिंडायचं कारण नव्हतं, पण बाईंनी विचारलं आणि मी गेले. खरं तर मला मजा येत होती. बाई दवाखान्यात जाऊन पेशंटांच्या बाकावर बसायच्या, डॉक्टरांना लांबून बघायच्या आणि नंबर यायच्या आत उठायच्या. गुळाच्या अडत्याकडं जाऊन अर्धा तास गुळाची चव बघायच्या. मग घरी येऊन कागद काढायच्या.

नवी पेठेतल्या कापडाच्या एका मोठ्या दुकानात आम्ही खण बघायला म्हणून गेलो. मालक गादीवर बसले होते. पन्नाशीचे, पांढरी टोपी, शांत बोलणं. त्यांनी स्वतः खण दाखवले.

"मालक, दुपारी घरी जेवायला जाता का डबा येतो?" बाईंनी विचारलं.

"डबा येतो की. का ओ बाई?"

"सहज."

बाहेर आल्यावर बाई म्हणाल्या, "भिंत बघितलीस?"

"कुठली भिंत?"

"त्यांच्या डोक्यामागची. घरच्या माणसांचे चार फोटो आहेत. पाचव्याचा नुसता खिळा आहे, आणि खिळ्याखाली चौकोनभर रंग नवाच्या नवा आहे."

मला लगेच कळलं. त्यांची मुलगी शैला आमच्याच शाळेत अकरावीपर्यंत होती. दीड वर्षापूर्वी तिनं विणकरांच्या घरातल्या, तेलुगू बोलणाऱ्या एका मुलाशी लग्न केलं आणि दोघं भिवंडीला निघून गेली. तेव्हापासून त्या घरात तिचं नाव घेत नाहीत, हे अर्ध्या गावाला माहीत होतं. बाईंनी तिला सहा वर्षं शिकवलं होतं.

चार दिवसांनी बाईंच्या घरी मी पाकिटं लिहीत बसले होते. त्यांनी एक कार्ड माझ्यापुढं ठेवलं. बाहेरून कापडाचं दुकान. उघडलं की घोटीव कागदाच्या साड्यांच्या घड्या एकीवर एक उभ्या राहायच्या, आणि त्यांच्या मागं भिंत. भिंतीवर चार फोटोंच्या चौकटी. पाचव्या चौकटीला नखाएवढं दार होतं. मी ते उघडलं. आत चेहरा नव्हता. नुसत्या दोन वेण्या, वर दुमडून लाल रिबिनींनी बांधलेल्या, आमच्या शाळेत बांधतात तशा.

"बाई, हे पाठवणार?"

"पाठवायलाच केलंय."

"त्यांना राग येईल."

"येईल. मग जाईल."

"नाही गेला तर?"

त्यांनी पाकीट माझ्या हातात दिलं. मी त्यावर मालकांचं नाव घातलं, नेहमीपेक्षा सावकाश, आणि कार्ड माझ्याच हातानं आत सरकवलं.

दिवाळीनंतर शाळा उघडली त्याच्या दुसऱ्या दिवशी आम्हा दोघींना मोठ्या बाईंनी खोलीत बोलावलं. मालक बसले होते. टेबलावर ते कार्ड होतं आणि त्यावर त्यांचा पालथा पंजा.

"हे तुम्ही केलंत?" मोठ्या बाईंनी विचारलं.

"हो," बाई म्हणाल्या.

"कुणाच्या सांगण्यावरून?"

"कुणाच्या नाही. भिंत बघून."

मालक ओरडले नाहीत. ते म्हणाले, "बाई, आमच्या घरचं आमी बघतो की. तुमी कशाला? हे पाकीट माज्या पुतण्यानं फोडलं, दुकानात, गिऱ्हाइकासमोर. त्यानं ते बारकं दार उघडलं. गिऱ्हाईक हसलं असतं तर मला चाललं असतं. हसलं न्हाई. गप उठून गेलं."

बाई म्हणाल्या, "गिऱ्हाइकासमोर उघडायला नव्हतं ते."

"मग पाकिटावर लिवायचं तसं!"

मोठ्या बाईंनी माझ्याकडं बघितलं. "तुम्ही यांच्याबरोबर हिंडत होतात ना? हे कार्ड तुम्ही पाहिलं होतंत?"

माझी नोकरी तेव्हा कायम झालेली नव्हती. वडील गेलेले, मोहोळला आई आणि शिकणारे दोन भाऊ, आणि घरात पगार माझा एकटीचा. हे सगळं खरं आहे, पण त्या क्षणी मी यातला काहीच विचार केला नाही. मी नुसती घाबरले.

"नाही," मी म्हटलं. "मी फक्त पाकिटांवर नावं घातली."

बाई माझ्या शेजारी उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "तिनं फक्त नावं घातली."

मोठ्या बाईंनी माफीपत्र लिहून मागितलं. बाईंनी तिथंच उभ्यानं लिहिलं: कार्ड पाठवल्यामुळे मनस्ताप झाला त्याबद्दल दिलगीर आहे, कार्डात जे आहे त्याबद्दल नाही. मोठ्या बाईंनी ते वाचलं आणि टेबलाच्या खणात टाकलं. मालक कार्ड घेऊन निघून गेले.

पुढच्या सोमवारपासून हस्तकलेचे तास बंद झाले. त्या जागी शिवण आलं, दुसऱ्या बाई आल्या. बाईंना सामानाची खोली दिली: नकाशे, सतरंज्या, लेझिमी, प्रयोगशाळेच्या फुटक्या बरण्या. शाळेच्या आवारात कार्डं करायची नाहीत, शाळेच्या नावानं तर नाहीच नाही, अशी लेखी सूचना मिळाली. निवृत्त होईपर्यंत त्या तिथंच होत्या. उरलेल्या एकोणचाळीस कार्डांचं मात्र चांगलं झालं. डॉक्टरांनी त्यांचं काचेत घालून दवाखान्यात लावलं. गुळाचे अडते शाळेत येऊन विचारून गेले की आपण डावखुरे आहोत हे शाळेला कुणी सांगितलं. वर्षभरात दोन खोल्यांवरचे पत्रे जाऊन स्लॅब पडला. त्या खोल्यांच्या उद्घाटनाच्या कार्यक्रमाला बाई मागच्या रांगेत सतरंज्या मोजत होत्या.

माफीपत्राच्या त्या दिवशी मोठ्या बाईंच्या ऑफिसातून निघाल्यावर आम्ही दोघी नेहमीसारख्या बरोबर घरी चालत गेलो. मला वाटलं, त्या काही बोलतील. त्या पतंगाच्या कागदाबद्दल बोलत होत्या. हिरवा रंग यंदा कच्चा आहे, खळ लागली की उतरतो, असं काहीतरी. मी घरी जाऊन जेवले नाही. त्यानंतर तीन आठवडे मी शाळा सुटली की कुठलंतरी काम काढून मागं राहायची. मग एक दिवस त्यांनीच सामानाच्या खोलीच्या दारातून हाक मारली.

"आई विचारतीय, ती पोरगी का येत न्हाई म्हणून."

"येते की," मी म्हटलं.

"ये मग. साकु आता."

साकु म्हणजे पुरे. मी पुन्हा जायला लागले.

मार्गशीर्षातल्या एका सोमवारी दुपारी मी बाईंच्या आईला पेज भरवत होते. दारात एक बाई येऊन उभी राहिली. हिरवं जरीकाठी लुगडं, हातात देवळात न्यायची फुलांची परडी. घरात यावं की नाही, अशी उभी.

"मी नवी पेठेतल्या कापडवाल्यांच्या घरची," ती म्हणाली.

माझ्या हातातला चमचा तसाच राहिला. बाईंनी पाट सरकवला. "बसा काकू."

काकू बसल्या. पदराच्या टोकाची गाठ सोडली. आत दोन लाल कागदाचे बारीक तुकडे होते, त्या वेण्यांवरच्या रिबिनी.

"त्यांनी फाडलं ते. घरी आणून फाडलं. मी तुकडं उचललं, पर एवढंच घावलं." त्या रिबिनींकडं बघत बोलत होत्या. "तसंच एक करून द्या ओ बाई. पोरीला पाठवायचंय. तिच्या मैत्रिणीकडनं पत्ता घेतलाय मी."

"तसंच होत नाही," बाई म्हणाल्या.

"मग दुसरं द्या."

"मी केलं तर ते माझं होईल. तुम्ही करा."

"मी? मला लिवायलाबी येत न्हाई."

"लिहायचं कोण म्हणतंय?" असं म्हणून बाईंनी कमरेचा रुमाल सोडला आणि आतली कात्री काकूंच्या हातात दिली.

मी बघतच राहिले. काकूंना त्यात काही विशेष वाटलं नाही. त्यांनी ती भाजी चिरायच्या सुरीसारखी सांभाळून धरली.

काकू चार सोमवार आल्या. घरी सांगायच्या, सिद्धेश्वराला जाते. जायच्याही, पण येता येता तासभर इथं बसायच्या. पहिल्या सोमवारी नुसते गोल कापले. ते भाकरीएवढे सुरू व्हायचे आणि लिंबाएवढे संपायचे. "कागद फिरवा काकू, कागद," बाई म्हणायच्या. आई कोपऱ्यातून कानडीत काहीतरी बोलायची आणि काकू तिला कानडीतच उत्तर द्यायच्या. मग दोघी हसायच्या. दुसऱ्या सोमवारी गोल जमला. तिसऱ्या सोमवारी काकू म्हणाल्या, "मला ताट करायचंय."

त्यांनी ताट केलं. त्यात कागदाची भाकरी, लाल जिलेटीन कागदाची शेंगाची चटणी, कांद्याची फोड. कार्ड उघडलं की ताट पुढं यायचं. ताटापुढं त्यांनी एक रिकामा पाट कापून उभा केला. त्याचा एक पाय आखूड झाला होता आणि पाट कलला होता. मला राहवलं नाही. मी कात्रीकडं हात नेला.

"राहू दे," बाई म्हणाल्या.

"वाकडाच हाय तो," काकू म्हणाल्या. "शैलाचा पाट. एका अंगाला झिजलाय. तिला दुसरा चालायचा न्हाई."

दोन रिबिनींतली एक त्यांनी पाटावर चिकटवली. दुसरी पुन्हा पदरात बांधली. चौथ्या सोमवारी बाईंनी खाली डावीकडं हलव्याचे सात दाणे बसवून दिले. तेवढंच त्यांचं काम. पाकीट माझ्यापुढं आलं. मी भिवंडीचा पत्ता घातला. मग पाकीट उलटं केलं आणि थांबले.

"पाठवणाऱ्याचा कुठला घालू?"

काकू म्हणाल्या, "आमचा घालू नका. परत आलं तर त्यांच्या हातात पडंल."

"माझा घाल," बाई म्हणाल्या.

बाईंचं नाव त्या घरात माहीत होतं. शैलाचं उत्तर बाईंच्या नावानं आलं आणि ते मालकांच्या कानावर गेलं, तर या वेळी नुसती खोली बदलून भागलं नसतं. मोठ्या बाईंची लेखी सूचना होती. त्यांच्या निवृत्तीला आठ वर्षं होती आणि कोपऱ्यात आई बसली होती. मी टाक उचलला आणि पाकिटामागं माझं नाव घातलं, माझ्या खोलीचा पत्ता घातला. बाईंनी पाकीट घेतलं, चष्म्याशिवाय लांब धरून वाचलं, आणि काकूंना दिलं.

संक्रांत गेली. रथसप्तमी गेली. काकू दोन सोमवार येऊन रिकाम्या हातानं परत गेल्या. महाशिवरात्रीच्या आधी चार दिवस माझ्या नावानं एक जाड पाकीट आलं. मी ते न फोडता बाईंच्या घरी नेलं आणि सोमवारपर्यंत आम्ही दोघी त्याच्याकडं नुसत्या बघत होतो. काकू आल्यावर फोडलं. आत चार ओळींचं पत्र होतं आणि चौकटीच्या वहीचा एक कागद. त्यावर पेन्सिलनं तान्ह्या बाळाच्या हाताचा पंजा गिरवून बाजूनं कापला होता. एक बोट कापताना तुटलं होतं, ते मागून पट्टी लावून जोडलेलं.

मी पत्र वाचून दाखवलं. मुलगी झालीय. चार महिन्यांची आहे. हात धरून ठेवत नाही, म्हणून बोट चुकलं. पाट बघितला.

काकूंनी तो पंजा जमिनीवर ठेवला आणि त्यावर आपला हात ठेवला. मग डोळे पुसून म्हणाल्या, "हे घरी कसं नेऊ? तुमच्यापाशी ठिवा बाई."

"दुसऱ्याच्या भेटीला आलेलं मी ठेवत नाही," बाई म्हणाल्या. "घरी न्या. कुठं ठेवायचं ते तुमचं तुम्ही बघा."

मला ते फार कठोर वाटलं. काकूंनी पाकीट फुलांच्या खाली परडीत घातलं आणि गेल्या.

आठ-दहा दिवस काही कळलं नाही. मग एक दिवस शाळा सुटताना शिपाईमावशी सांगत आल्या की फाटकाशी कुणीतरी तुम्हाला बोलावतंय. मालक उभे होते. हातात शैलाकडून आलेलं ते पाकीट होतं. मुली आमच्या दोन्ही बाजूंनी गोंगाट करत बाहेर पडत होत्या.

"हे नाव तुमचंच?"

"हो."

"दिवाळीच्या पाकिटावरचं अक्षरबी तुमचंच हुतं."

"हो."

"तवा म्हणालात, मला काय म्हाईत न्हाई."

मी म्हटलं, "माहीत होतं. मी ते कार्ड बघितलं होतं. पाकिटात मीच घातलं."

मला वाटलं, ते आता आत जाऊन मोठ्या बाईंना सांगतील. त्यांनी पाकीट उलटं केलं, पुन्हा सुलटं केलं, मग कोटाच्या आतल्या खिशात ठेवलं.

"म्हंजे तुमी पाठवणाऱ्याचा पत्ता चुकीचा घातला हुता," ते म्हणाले. "पोरीचं घर नवी पेठंत हाय. पुढच्या टायमाला तो घाला."

एवढं बोलून ते रिक्षात बसून गेले. काकूंनी शैलाला पाडव्याला पाठवलेल्या पाकिटामागं मी तो पत्ता घातला. शैला मुलीला घेऊन सोलापूरला आली ती त्यानंतर दोन वर्षांनी, असं मी ऐकलं. तोवर मी नोकरी बदलून मोहोळला गेले होते.

त्या दिवशी फाटकातून मी धावतच सामानाच्या खोलीत गेले. बाई जमिनीवर बसून आशियाच्या फाटलेल्या नकाशाला मागून कापड लावत होत्या. शेजारी खळीचं पातेलं. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. त्यांनी ऐकलं, पण हात थांबवला नाही.

"आणि बाई, मी त्या दिवशी ऑफिसात खोटं बोलले. तेही त्यांना सांगितलं."

"मला कशाला सांगतीस? मी शेजारीच उभी होते की."

मी खाली बसले. त्यांनी ब्रश खळीत बुडवला आणि कड भिजवली.

"मीच चुकले गं," त्या म्हणाल्या. "त्या मालकाला बघितलं, भिंत बघितली, डबा घरून येतो तेसुद्धा विचारलं. डबा कोण भरतंय ते विचारलं नाही. ते कार्ड काकूंचं होतं. मी भलत्याच माणसाला पाठवलं." मग माझा हात धरून त्यांनी नकाशाच्या ओल्या कडेवर ठेवला. "दाबून धर. वाळेपर्यंत सोडू नको."